अक्का उभ्या गाडीत बसायच्या

एरंडोलला मी ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो, त्या अक्कांनी मला मदत केली. हे आधीच सांगून टाकतो. बाकीचं सांगता सांगता माझा धीर सुटतो, आणि मग ज्यांचं आधी सांगायचं त्यांचंच राहून जातं.

माझं गाव इथून लांब, मालवणच्या बाजूला. सातवीनंतर शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर झालो, आणि फिरत फिरत इथे येऊन टेकलो. आता रंगाच्या एका दुकानाची व्हॅन चालवतो. गावोगावी डबे पोचवायचे आणि आठवड्यातून एकदा धुळ्याहून माल आणायचा. गावाकडे फोन करतो तेव्हा आई विचारते, जेवलास का. मी हो म्हणतो. त्याच्यापुढे आमचं बोलणं फारसं जात नाही.

कुत्रा मला सोनगीरला मिळाला, हायवेवरच्या ढाब्यात. तिकडे एकदा माल टाकायला गेलो होतो. ढाबेवाला म्हणाला, "कोणीतरी गाडी थांबवली, पोतं टाकलं आणि गेले. आत हा." लांब नेऊन सोडायच्या कुत्र्या-मांजरांना पोत्यात घालतात. वाट दिसली नाही की ती परत येत नाहीत, असा हिशेब. त्या वेळी तो इतका आजारी होता, की व्हॅनमध्ये ठेवला तरी त्याने मान उचलली नाही. मला वाटलं, गरीब आहे बिचारा.

बरा झाल्यावर कळलं. व्हॅनचं दार सरकवल्याचा आवाज आला तरी तो अक्कांच्या चुलीमागे जाऊन बसायचा. मी म्हटलं, नको तर नको, आपल्याला त्याला कुठे न्यायचंय?

मग त्याच्या जबड्याखाली गाठ आली. इथल्या डॉक्टरांनी धुळ्याला पाठवलं. धुळ्याचे डॉक्टर माणूस शांत. गाठ चाचपून म्हणाले, "दर आठवड्याला इंजेक्शन लागेल. खंड पडला तर उपयोग नाही. खंड नाही पडला तरी मी खात्री देत नाही." मी फक्त पहिलं ऐकलं. शेवटचं वाक्य ऐकलंच नाही, असं स्वतःला सांगत घरी आलो.

पण न्यायचा कसा? त्या पहिल्या खेपेलाच पारोळ्याच्या अलीकडे तो मागून उडी मारून माझ्या मांडीवर आला होता. तोंडातून लाळेच्या तारा, पाय स्टिअरिंगमध्ये. समोरून उसाची ट्रॉली. कसा वाचलो मला माहीत नाही. सकाळी दूध-भाकरी पोटभर घातली होती, भरल्या पोटी झोपेल म्हणून. ती सगळी रंगाच्या डब्यांवर. मालकांनी डबे बघितले आणि म्हणाले, "धुळ्याला जातोच आहेस तर ने त्याला, माझी ना नाही. पण असं परत झालं तर गाडीत कुत्रा दिसता कामा नये." चुकीचं बोलले असं नाही. गाडी त्यांची.

दुकानातला हमाल म्हणाला, "सोपं आहे. पोत्यात घाल, मुंडकं बाहेर ठेव आणि गळ्यापाशी सैल बांध. आम्ही करडू मोटरसायकलवर असंच नेतो." खरंच नेतात. बाजाराच्या दिवशी दिसतात की, पोत्यातून डोकं काढून बसलेली करडं. मी पोतं आणलं, झटकलं आणि त्याच्यासमोर तोंड उघडून धरलं. तो ओरडला तसा कुत्रा ओरडताना मी कधी ऐकला नव्हता. जागेवर मुतला आणि माझं मनगट दातांत धरलं. ढाबेवाल्याचं बोलणं मला तेव्हा आठवलं, पोतं हातात असताना.

आवाज ऐकून अक्का बाहेर आल्या. अक्का सोनगीरकडच्याच, लग्न होऊन इथे आलेल्या. एकट्या राहतात. पोतं माझ्या हातातून ओढून घेतलं, कुंपणापलीकडे फेकलं, आणि मनगटाला हळद लावता लावता मला झापलं.

"त्याले गाडीनं भ्याव वाटस का तुनं? तूच एवढा घाबरेल शे, मंग त्या मुका जनावरनी काय करानं?"

मी म्हटलं, "अक्का, पुढच्या आठवड्याला नाही नेलं तर तो जाईल."

"मरानं बोलू नको. गाडी आठे उभी कर, लिंबखाले. दार उघडं ठेव, आनि तू घरमा जाय."

त्यांच्या माहेरी वासरू गाडीला जुंपण्याआधी नुसतं गाडीजवळ बांधायचे. वैरण गाडीतच टाकायची. खाऊन-पिऊन, रवंथ करून त्याला तो गोठाच वाटला पाहिजे, मग जू. अक्कांनी तेच धरलं. दुपारी मी जेवायला आलो की व्हॅन लिंबाखाली लावायचो आणि अक्का सूप घेऊन आत बसायच्या, कधी उडीद निवडत, कधी मेथी. कुत्र्याकडे बघायच्याही नाहीत. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तुकडा आधी दाराबाहेर ठेवायचा, मग पायरीवर, मग आत.

गल्लीला करमणूकच झाली. समोरच्या वहिनी ओट्यावरून ओरडायच्या, "अक्का, कोठे चालनी?"

"काशीले! ये बस, जागा शे."

"डायवर कोठे गया?"

"डायवर घाबरेल शे. घरमा लपेल शे."

मी खरंच खिडकीआड उभा असायचो. कुत्रा एक पाय पायरीवर ठेवायचा नि काढून घ्यायचा. त्या आठवड्याला इंजेक्शन चुकलं. मला जेवण जाईना. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "प्रयत्न करा. रिकाम्या पोटी आणा, खिडकी थोडी उघडी ठेवा, पट्टा सीटला बांधा. उलटीची गोळी लिहून देतो." अक्कांना म्हटलं, थोडी घाई करू. त्या उडदातला खडा काढून म्हणाल्या, "घाई करीसनच त्याले पोतामा घालं व्हतं ना कोनीतरी?"

पुढे तो आत चढला. अक्कांच्या लुगड्याच्या सोग्यावर बसला. मग मी इंजिन सुरू करून लगेच बंद केलं. मग गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत. प्रत्येक वेळी गाडी घरी परत येते हे त्याला कळलं पाहिजे, असं अक्का म्हणायच्या. मला ते ऐकून कसंतरी व्हायचं. मी ज्या ट्रकवर बसून गावाहून निघालो, तो काही परत फिरला नव्हता.

धुळ्याला अक्का बरोबर येते म्हणाल्या. मागच्या सीटवर बसल्या, कुत्रा त्यांच्या पायाशी. मला आरसा बघायची मनाई होती. तुझं तोंड बघून तो घाबरतो, म्हणाल्या. पारोळं आलं तरी मागे सगळं शांत. मग अक्कांचा आवाज आला, अगदी बारीक.

"गाडी बाजूले घे रे भाऊ."

मी घाबरून थांबवली. अक्का उतरल्या, बाभळीला धरून भडाभडा ओकल्या. कुत्रा दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत होता, शेपटी हलवत.

तोंड धुऊन म्हणाल्या, "कुत्रा नही वकना, मीच वकनू."

त्यांना गाडी लागते. कायमची लागते. म्हणून माहेरी जाणंही त्यांनी कधीच सोडून दिलेलं. हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "अक्का, सांगायचं ना." तर म्हणे, "सांगं असतं तर तू नेलंच नसतं."

त्यानंतर इंजेक्शन चुकलं नाही. दर खेपेला अक्का सकाळपासून उपाशी राहायच्या, कुत्र्यासारख्याच. पदरात लिंबू आणि दुसऱ्या हाताने त्याचा कान धरलेला. पुढे पुढे तो पारोळ्यापुढच्या मुकटी गावाच्या आसपास झोपायलाही लागला. मी त्या घोरण्याकडे कान लावून गाडी चालवायचो. दुसरं काही चांगलं कानावर येत नव्हतं त्या दिवसांत.

गाठ आधी थोडी बसली. मग पुन्हा आली, मानेपर्यंत. डॉक्टरांनी या वेळी सुई भरलीच नाही. म्हणाले, "आता त्याला त्रास देण्यात अर्थ नाही. आणायची गरज नाही. दुखायला लागलं तर गोळी द्या." मी विचारलं, तो पहिला आठवडा चुकला म्हणून का? त्यांनी नाही म्हटलं. पण आधी कागदावरच्या तारखा पुन्हा बघितल्या. मग म्हटलं.

परतीला कुत्रा अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून बाहेरची केळी बघत आला. एखाद्या घरातलं लहान पोर फिरायला निघावं तसा.

आता अशी गत आहे, की मी दुपारी व्हॅन लिंबाखाली लावली की तो स्वतः उठतो. फार चालवत नाही त्याला, तरी येतो. पायरीवर पुढचे पाय टेकवतो आणि मी मागचे उचलायची वाट बघतो. आत जाऊन त्याच्या जागेवर बसतो आणि माझ्याकडे बघतो, चल म्हणून. कुठे नेऊ? ज्या जागी नेण्यासाठी एवढं सगळं केलं, तिथे आता काही नाही. मी चावी फिरवतो, गल्लीच्या टोकापर्यंत जातो, परत येतो. त्याला तेवढं पुरतं. रोज वाटतं, उद्या उठेल की नाही.

अक्का अजूनही सूप घेऊन त्याच्या शेजारी बसतात. मी एकदा म्हटलं, अक्का, आता कशाला? त्यांनी माझ्या हातात लसूण दिला सोलायला.

मी त्यांचं कधी फेडणार, मला माहीत नाही. मला फार काही येत नाही, गाडी येते. अक्कांचं माहेर अजून आहे, भाऊ आहे. कुत्रा गेला, थोडे दिवस झाले, की मी त्यांना विचारणार आहे, माहेरी चला म्हणून. नाहीच म्हणतील. मी रोज विचारीन. आधी लिंबाखाली, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग पारोळ्यापर्यंत, त्या म्हणतील तिथे थांबत. एक दिवस त्यांना सोनगीरला नेईन, भावाच्या दारात उतरवीन, आणि त्या म्हणतील तेव्हा परत आणीन.