विमानाची स्टेपनी

बाबा पहाटे झोपेतच गेले. त्या वर्षांत आमच्या आर्णीकडे कोणी वारलं की लोक आधी विचारत, "फवारणीचं औषध पेले का?" कापसाने माणसांना तेवढंच विचारायला शिकवलं होतं. धाकट्या भावाला दिवसभर प्रत्येकाला सांगावं लागलं, नाही बाप्पा, औषध नाही, झोपेतच.

मी मुंबईत नोकरीला. मोठा पोरगा, म्हणून अग्नी माझ्याच हातचा. साहेबांनी नागपूरच्या सकाळच्या विमानात बसवून दिलं, जन्मात पहिल्यांदा. चार वाजता माती ठरली. विमान पळत सुटलं, उडणार तोच खालून धाडकन आवाज झाला, आणि ते एका अंगाला ओढत ओढत थांबलं. शेजारची बाई रडायला लागली. मला काहीच वाटलं नाही. दारव्ह्याच्या जीपमध्ये उभा जन्म गेला, टायर फुटल्याचा आवाज मला काय नवा?

खाली उतरवलं तेव्हा चाकाला रबराच्या चिंध्या लोंबत होत्या. मी भावाला फोन केला. "पंचर झालं. स्टेपनी लावतीन अन् निघू. तासभर थांबा."

आता हसू येतं. हसू कसलं डोंबलाचं. आमचा जीपवाला बिडी विझायच्या आत चाक बदलतो, मला तेवढंच ठाऊक. इथे कोणी जॅकसुद्धा आणला नाही. आम्हाला एका हॉलमध्ये बसवलं, दुसरं विमान येतंय म्हणत राहिले. आणि मी दर फोनला, अजून तासभर.

"ऊन लय हाय, दादा," भाऊ म्हणाला. "बर्फ सरला. माय पाण्याचा घोटही घेऊन नाही राह्यली."

तरी मी म्हटलं, थांबा.

ऊन कललं तेव्हा मीच सांगितलं, "करून घ्या." खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोचलो. माय भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ जाऊन बसलो.

"तू आला का तुह्या संगंच तोंड पाहीन म्हणलं," ती म्हणाली. "मंग पाहूच नाही देल्लं मले. झाकूनच नेलं. पाहण्यासारखं नाही राह्यलं म्हणे."

आवाजात राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेजारच्या घरून भाकर-भाजी आली होती. मला भूक लागली होती. मी जेवलो.