मीच ये म्हणालो होतो

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. दोन-तीनदा अगदी तोंडाशी आलं होतं — आणि मी पाणी मागितलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एवढंच.

मी महाडच्या एमआयडीसीत, एका रसायनाच्या कारखान्यात मेंटेनन्सचा सुपरवायझर आहे. आमच्याकडे युनियनने भांडून मिळवलेला एक नियम आहे. सुट्टीच्या दिवशी कामगाराला घरून बोलावलं, तर काम पाच मिनिटांत उरकलं तरी अर्ध्या दिवसाचा पगार द्यायचा. आणि तो घरातून निघाला की तिथपासूनच त्याला कामावर धरायचं. नियम सरळ होता. पळवाटही सरळच होती — बोलवायचंच नाही.

मग पंप बिघडला तर? फोन करायचा, पण ‘ये’ म्हणायचं नाही. “बाळाराम, मागचा पंप खरखरतोय रे. काय झालं असेल?” एवढं बोलून गप्प राहायचं. बाळाराम आमचा फिटर. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाखालच्या एका वाडीत राहायचा. तो हसायचा. “भाऊ, सरळ ये म्हना की! तुमचा फोन वाजला की आमची ही आधी डबा भरते, मंग इचारते कोनाचा होता.” आणि यायचा. गेटवर मी सांगून ठेवलेलं असायचं — आपणहून आलाय, सोडा आत. बदल्यात एखाद्या संध्याकाळी मी त्याला थोडं लवकर घरी सोडायचो. उपकार केल्यासारखं.

मला हे कर म्हणून कुणी सांगितलं होतं का? नाही. मॅनेजर फक्त एकदा मीटिंगमध्ये म्हणाले होते की, यांच्या खात्यात सुट्टीची बोलावणी सगळ्यात कमी असतात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते आवडलं — फार आवडलं.

त्या रविवारीही मी तसाच फोन केला. त्याच्या घरी माणसांचा गलका ऐकू येत होता. तो म्हणाला, “आज नाय जमायचं, भाऊ. सासुरवाडीची मानसं आल्यात, जेवायला बसायचं हाय.” मी थांबलो. तो ‘येतो’ म्हणेना. मग मी म्हणालो, “ते काही नाही. ये तू. आत्ता नीघ.”

तो निघाला. हायवेच्या कामावर खडी पसरली होती, तिच्यावरून मोटारसायकल घसरली आणि मागून येणारा टेम्पो त्याच्या पायावरून गेला.

दुसऱ्या दिवशी कंपनीची चौकशी व्हायची होती. मी त्याआधीच दवाखान्यात गेलो. काळजीनेच गेलो होतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलोय — पण मग चौकशीच्या आधीच का? वहिनी — बाळारामची बायको — खाटेशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “भाऊ, आता कंपनी बघंल ना सगलं?” मी त्यांच्याकडे न बघता बाळारामला म्हणालो, “उद्या साहेब विचारायला येतील. मी नुसतं विचारलं होतं तुला. हो ना?”

मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर?

“हां, भाऊ,” तो म्हणाला. “मीच आलो.”

“अवो, तुमी तर नाय म्हनत व्हता —”

“गप गो.”

चौकशीत आम्ही दोघांनी तेच सांगितलं. फोन झाला होता, पण बोलावणं नव्हतं. म्हणजे अपघात कामावरचा नव्हे. ऑपरेशनचा खर्च त्याच्या भावांनी मुंबईहून केला. पाय आखूड राहिला, शिडी चढता येईना. कामावर जखमी झाला असता तर कंपनीला त्याला बसून करायचं काम द्यावंच लागलं असतं. तसा तो नव्हता. काही महिन्यांनी त्याने स्वतःच राजीनामा दिला. तो कागद माझ्याच हातात दिला, आणि मी त्याला चहा पाजला.

तो माझ्यासाठी खोटं का बोलला? माझ्या हाताखाली परत यायचं आहे म्हणून? की समोर उभ्या माणसाची पंचाईत त्याला बघवली नाही? मी विचारलेलं नाही. विचारण्याची वेळ होती तेव्हा मी त्याच्या तोंडात उत्तर घालून आलो होतो.

आता तो पोलादपूरच्या नाक्यावर चुलतभावाच्या दुकानात बसतो. मी दिसलो की हात वर करतो — “काय भाऊ, बरं हाय ना?” मीही हात वर करतो. वहिनी तिथे असल्या तर तोंड फिरवून आत जातात. तो त्यांच्यावर ओरडतो, माणसाला ओळख दाखवावी म्हणून.

त्यांना माझी ओळख बरोबर आहे. त्या दिवशी तो आपणहून आला नव्हता. मी त्याला जेवणावरून उठवलं होतं, आणि नंतर बोलावलंच नाही म्हणालो.