नव्वद दिवसांचा वॉकर

आमच्या दुकानात वस्तू परत घ्यायच्या दोन खिडक्या. एक माझी, दुसरी फौजदारणीची. हे नाव आम्हीच तिला ठेवलेलं. परत आलेल्या ड्रेसची काख हुंगून ती सांगायची, "हा पार्टीत चांगला दोन तास नाचलाय." मॅच संपली की टीव्ही परत, भिंतीला भोकं पाडून झाली की ड्रिल परत. लोकांना लाजलज्जा काही आहे की नाही! पण नियम म्हणजे नियम. नव्वद दिवसांच्या आत आणि लेबलासकट आलं, की मुकाट्याने घ्यायचं. फक्त "वापरलंय का?" एवढं विचारायचं. त्यावर सगळे "छे!" म्हणतात. अठरा वर्षं ऐकून माझे कान बधिर झालेत. ती मात्र रोज तडतडायची.

मग तिच्या आईचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, फार तर तीन महिने. म्हातारीला आपल्या पायांनी घरात फिरायचं होतं, म्हणून फौजदारणीने आमच्याच दुकानातून वॉकर नेला. लेबल काही काढलं नाही.

"आई रोज म्हणते, काप गं ते, हाताला लागतं," डबा खाताना तिने खाली मान घालून सांगितलं. "मी म्हणते, कापते नंतर. मी तिचे दिवस मोजतेय हे तिला कळलं नाही म्हणजे मिळवली."

"बरोबर केलंस," मी म्हटलं. काय तर माझं शहाणपण!

सत्त्याऐंशीव्या दिवशी आई गेली. एकोणनव्वदाव्या दिवशी फौजदारीण वॉकर घेऊन माझ्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली.

"वापरलाय का?" तोंडातून निघून गेलं. मेली सवय.

"छे," ती म्हणाली.

पायांची रबरं एका बाजूने पार झिजली होती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. मी लेबल शोधलं. त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून वरून दोरा बांधला होता. चांगल्या पाच-सहा गाठी.

"हे तू केलंस?"

ती त्या गाठींकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "आंघोळीला जाताना आई वॉकर न्यायची."

"मग भिजू नये म्हणून..." मी बोलायचं थांबले. घरात दोघीच तर होत्या.

गाठी सुटेनात. शेवटी कात्रीने दोरा कापला. लेबल कोरं करकरीत होतं. स्कॅनरने ते पहिल्या झटक्यात वाचलं.