परक्या सभेत नाचणीचा लाडू

आमच्या बचत गटाच्या सुमनताई परदेशातल्या त्या मोठ्या सभागृहात बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी पिशवीतून नाचणीच्या लाडवांचा डबाच काढला. गावच्या बाजारातही त्या गिऱ्हाइकाला आधी चव देतात, मग बोलतात. मला घाम फुटला. गरीब देशांतल्या अशा उद्योगांना जगाने हात द्यावा, हे सांगणारं त्यांचं भाषण मी महिनाभर घासूनपुसून लिहिलं होतं.

पहिल्या रांगेतल्या केनियाच्या बाईंनी ताईंनी पुढे केलेला लाडू तोंडात टाकला आणि डोळे मिटले. दुभाष्याने त्यांचं बोलणं सांगितलं, "हे तर आमचंच धान्य! आई याची पेज करायची."

सभागृह हसलं. माझा जीव भांड्यात पडला. जगापुढे बाजू कशी मांडायची म्हणून झोप उडाली होती, आणि इथे तर शेजारच निघाला.

"अहो, लाडू द्यायला कागद आहे का?" ताईंनी विचारलं.

मी भाषण पुढे केलं.