पाटावरचा पाना

कुसाबाईच्या घराबद्दल मखमलाबादेत दोन गोष्टी सांगतात. एक, कुसाबाईनं खंडेनवमीची मांडलेली पूजा मोडली. दुसरी, तिचा नवरा झुंबर गाडीचं बारीकसारीक काम गॅरेजवाल्याच्या तोंडाकडे न बघता स्वतः करतो. दोन्ही खोट्या आहेत. मी त्या दिवशी तिथं होतो, म्हणून लिहितो.

मी त्यांचा शेजारी, सातपूरच्या कारखान्यात प्रेसवर काम करून निवृत्त झालो. मोटारीतलं मला फार कळत नाही. काम झालं की नुसतं उरकलं, हे कळतं.

कुसाबाईचं माहेर नांदगावकडचं. तिकडं हंड्याला पाणी नाही, आणि लग्न होऊन आली ती माळ्याच्या घरात, पाटाच्या पाण्यावर. घरचा झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, आणि अधूनमधून मेथी-कोथिंबीर. पहिली काही वर्षं तिनं टोपली डोक्यावर घेऊन पंचवटीचा बाजार केला. मग झुंबरच्या सायकलवर. सत्त्याण्णव साली त्यांनी जुनी मारुती व्हॅन घेतली. मागचं सीट काढून टाकलं, तिथं फुलांची पोती. पुढं झुंबर चालवायला आणि शेजारी कुसाबाई, कारण विक्री तिची. झुंबरला गिऱ्हाईकाशी बोलता येत नाही. तो भाव सांगतो आणि लगेच कमी करतो.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. बसणाऱ्याला खालून चटके बसतात. कुसाबाई घडी घातलेलं पोतं टाकून बसायची. गाडी गॅरेजला नेली की पहिलं तिला उतरावं लागायचं, कारण मेकॅनिक तिचीच सीट उचलायचा. मग ती तिथंच उभी राहायची आणि बघायची. गॅरेज पेठ रोडला गोरक्षचं.

"वहिनी, उन्हात कशाला उभ्या? बसा ना."

"माझी जागा तुम्हीच उचलून ठेवली. बसू कुठं?"

बघता बघता ती विचारायला लागली. प्लगच्या तिन्ही वायरी एकदम का नाही काढत? प्लग आधी हातानं का फिरवता? गोरक्ष म्हणायचा, "काय वहिनी, गॅरेज टाकायचंय का?"

"टाकलं तर तुम्हाला ठेवीन कामाला."

गोरक्षचा हात चांगला होता, हे मी नाकारत नाही. चांगल्या हाताला मजुरी द्यावी. मी जन्मभर मजुरीच घेतली, मजुरी मागणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण मजुरी कामाची असते. पुढं गॅरेजला गर्दी वाढली तसा गोरक्ष काम नुसतं उरकायला लागला. कुसाबाई सोबत असली की तो नीट करायचा. झुंबर एकटा गेला की त्याला चहा पाजायचा.

दोन हजार एक सालचा दसरा. व्हॅन आठवडाभर मिस मारत होती, म्हणजे चालता चालता झटके देत होती. अष्टमीला झुंबर एकटाच तिला गोरक्षकडे घेऊन गेला, कारण कुसाबाई फुलं तोडत होती. संध्याकाळी परत आला.

"तिन्ही प्लग नवे टाकले."

"जुने कुठं हायेत?" कुसाबाईनं विचारलं.

"तिथंच राह्यले. लोणचं घालतेस का त्यांचं?"

ती परत फुलांकडे वळली. तोडणी अर्धी राहिली होती.

झेंडूवाल्याचं वर्ष दसऱ्यावर असतं. आदल्या दुपारी माल बाजारात पोचला तर तो सोनं. दसऱ्याच्या दुपारनंतर तोच माल रस्त्याच्या कडेला जनावरं खातात. नाशिकला त्या दिवशी झेंडूचे डोंगर असतात, म्हणून कुसाबाईनं इगतपुरी धरली होती. तिकडं भातशेती, फूल कमी, आणि रेल्वेची वस्ती मोठी. तीन वर्षं तिनं तिथं स्टेशनबाहेर जागा राखली होती. गिऱ्हाईक तिची वाट बघायचं.

नवमीला सकाळी झुंबरच्या आईनं, सगुणाबाईनं, पाट मांडला. खुरपी, विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, आणि व्हॅनमधला प्लगपाना, पकड, करवतीचं पातं. धुऊन, पुसून, हळदीकुंकू लावून, वर झेंडू. आता दसऱ्याला पूजा उठेपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. गाडीची पूजा दसऱ्याला, त्यामुळे गाडी चालवायला हरकत नाही. पान्याला मात्र हरकत. असा तो नियम.

पोती भरायला मी गेलो होतो. पोती चढली, दोघं बसले, गाडी निघाली, आणि मळ्याच्या वळणावर झटके देत बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. आम्ही ढकलत अंगणात आणली.

झुंबर सायकल घेऊन गोरक्षकडे गेला. त्या दिवशी भाड्याचा टेम्पो मिळणं शक्यच नव्हतं, सगळे फुलांनी भरलेले. आम्ही पोत्यांची तोंडं सोडली. मी एका पोत्यात हात घातला. आत ऊब धरली होती. झेंडू कोंडला की तापतो, तापला की पाकळी काळी पडते.

झुंबर परत आला. "गॅरेजात पूजा मांडलीय. म्हणतो, आज पान्याला हात नाय लावायचा. उद्या पूजा उठली की ये."

"उद्या काय आरतीला न्यायची फुलं?" कुसाबाई म्हणाली.

मला गोरक्षचा राग आला नाही. ज्याचा त्याचा नेम. राग आला तो पुढं.

कुसाबाई पाटाकडे गेली. सगुणाबाई तिथंच माळ ओवत बसली होती.

"आत्याबाई, प्लगपाना द्या. काम झालं की धुऊन परत मांडते."

"मांडलेली पूजा हालवत्यात व्हय? हत्याराला आज विसावा असतो."

"हत्याराला असतो ना? मग तुमच्या हातात सुई कशाला हे?"

सगुणाबाईचा हात थांबला.

"मी पहाटंपासून सुई चालवतेय," कुसाबाई म्हणाली. "सकाळी विळीवर भाजी चिरली. ही हत्यारं नायत का? यांना कधी पाटावर बसवलंय? यांना विसावा दिला तर तुम्ही जेवाल काय आज?"

"लय बोलती," सगुणाबाई झुंबरला म्हणाली. "तू बघत काय राह्यलास?"

झुंबर माझ्याकडे बघत राहिला. मी पोत्यांकडे बोट केलं.

कुसाबाईनं पाटाला हात जोडले, फूल बाजूला ठेवलं आणि पाना उचलला, सोबत करवतीचं पातंही घेतलं.

"माझ्या लेकाच्या गाडीला काय झालं तर बघ!"

"गाडीला झालंय म्हणूनच तर उचलला."

तिनं सीट उचलली. झुंबरला गाडी चालू करायला सांगितली. कोरडं पोतं हाताला गुंडाळून तिनं एक वायर काढली. इंजिन आणखी थरथरलं. ती परत लावली, दुसरी काढली. आवाज होता तसाच, म्हणजे तो प्लग चालतच नव्हता. "हाच मेलाय," ती म्हणाली. गाडी बंद करून तिनं तो मधला प्लग खोलला आणि माझ्या हातात दिला.

प्लग वरून चकचकीत होता. टोकाला पॉलिश पेपर घासल्याचे चरे. मधला दांडा झिजून गोल झालेला. खालची रिंग दबून पत्र्यासारखी सपाट. नवा प्लग एक दिवसात असा होत नाही. गोरक्षनं जुनाच पेट्रोलनं धुऊन, घासून परत बसवला होता आणि नव्याचे पैसे घेतले होते. बाकीचे दोनही तसेच निघाले.

"झुंबर, हे बघ," मी म्हणालो.

त्यानं बघितलं. "त्याच्याकडं गर्दी होती काल," तो म्हणाला.

गर्दी होती! ज्यानं खोटं काम केलं त्याला गर्दीची सबब, आणि जी काम निस्तरत होती तिला शाप. त्याच माणसानं थोड्या वेळापूर्वी नेम म्हणून पान्याला हात लावायचं नाकारलं होतं. पाना पवित्र, मग त्या पान्यानं केलेलं काम कसलं होतं? हे मी झुंबरला विचारलं. तो म्हणाला, "सणाच्या दिवशी कशाला वाद."

मी जुना प्लग खिशात घालून लुना काढली. पंचवटीत स्पेअर पार्टचं दुकान उघडं होतं. तीन नवे प्लग घेऊन आलो. तोवर कुसाबाईनं, अदलाबदल नको म्हणून, तिन्ही वायरी आपापल्या जागी ठेवल्या होत्या. एक प्लग बसवायचा, त्याची वायर लावायची, मग पुढचा. नव्या प्लगच्या टोकाच्या फटीत माप म्हणून करवतीचं पातं घालून बघायची. पातं अडलं तर नाही, लटपटलं तर नाही, हे दोन्ही. मग प्लग बोटांनी फिरवत खाली न्यायची, बसला की पान्यानं थोडं आवळायची.

"अजून आवळ," झुंबर म्हणाला.

"नाय. आटे जातील."

"सुटला म्हणजे?"

"सुटत नाय. तुमच्या पंपाचा नट नाय हा. आटे गेले की इंजिनाचं अख्खं हेड उतरवावं लागतं, मग बसा गोरक्षच्या दारात."

हे काम पाच मिनिटांत झालं नाही. होतही नाही. नीट करायला वेळ लागतो, आणि तो तिनं घेतला, मागं पोती तापत असताना. एकही प्लग तिरका बसला नाही. कारखान्यात मी अशी माणसं फार थोडी बघितली.

गाडी चालू झाली. आवाज एकसारखा. कुसाबाईनं पाना आणि पातं धुतलं, पुसलं, पाटावर परत ठेवलं, वर फूल ठेवलं. सगुणाबाईनं तोंड फिरवलं.

मी सोबत गेलो, मागं पोत्यांवर बसून, त्यांना वारा लागावा म्हणून तोंडं उघडी धरून. घोटीपर्यंत गाडीनं एकदाही झटका दिला नाही. इगतपुरीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तळाचं एक पोतं काळवंडलं होतं, बाकी माल टवटवीत. कुसाबाईनं ताडपत्री अंथरली, तराजू धरला आणि विक्री सुरू झाली.

दरवर्षीचं एक गिऱ्हाईक आलं. रेल्वेत फिटर असलेले एक गृहस्थ. "काय झुंबरशेठ, उशीर? आम्ही दोनदा येऊन गेलो."

"गाडी मिस मारत होती," झुंबर म्हणाला. "मग काय, दुपारी प्लग बदलले मी."

मी. माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. मी तोंड उघडलं, तर कुसाबाई म्हणाली, "दादा, पिशवी धरा. गिऱ्हाईक उभं हे."

फिटर खूश झाले. "अरे वा! आमच्या भावाची व्हॅनपण मिस मारतेय. ही काय, मागंच उभी आहे. जरा बघता का?"

झुंबरनं व्हॅनकडे बघितलं. कुसाबाईकडे बघितलं. ती तराजूच्या काट्याकडे बघत होती.

"नाय ओ," झुंबर म्हणाला. "आज खंडेनवमी. आमच्यात पान्याला हात लावत नाय."

"आत्ता तर म्हणालात, दुपारी बदलले."

झुंबर रिकामं पोतं झटकायला लागला. फिटर हसायला लागले. तेव्हा कुसाबाईनं तराजू खाली ठेवला.

"त्यांनी नाय, मी बदलले. गिऱ्हाईक सोडून आत्ता येत नाय. उद्या फुलं संपली की भावाला गाडी घेऊन यायला सांगा. आणि येताना नवे प्लग आणा, रिंग फुगीर असलेले. सपाट रिंगचा कुणी नवा म्हणून दिला तर घेऊ नका."

रात्र आम्ही तिथंच काढली आणि दसऱ्याला सकाळी फुलं संपली. तो भाऊ खरंच गाडी घेऊन आला. पाना त्याचाच होता. तिनं प्लग बसवून दिले आणि मजुरी सांगितली. रास्त सांगितली, एका शब्दात, आणि घेतली. झुंबर लांब जाऊन बिडी ओढत होता.

परतीच्या वाटेवर तो तिच्याशी बोलला नाही. घोटीला चहाला थांबलो तेव्हा मला म्हणाला, "चारचौघांत माझी लाज काढली हिनं." मी म्हणालो, "तुझी लाज तू काढलीस. तिनं फुलं विकली." त्यावर तो माझ्याशीही बोलेना.

गावात काय पसरलं ते सुरुवातीला सांगितलंच. पुढच्या वर्षी सगुणाबाईचा गुडघा धरला, तो पान्यामुळं. शेवंतीवर करपा आला, तोही पान्यामुळं. गोरक्ष मात्र दसऱ्याला सोनं द्यायला येतच राहिला, आणि सगुणाबाई त्याला फराळाला बसवत राहिली. मी एकदा तिच्यासमोर त्याला घासलेल्या प्लगांबद्दल विचारलं. तो हसून म्हणाला, "काका, जुन्या गोष्टी." सगुणाबाई मलाच म्हणाली, "पाहुण्याला असं बोलत्यात व्हय?"

गाडी होती तोवर तिचे प्लग कुसाबाईनंच बदलले. गोरक्षकडे ती गाडी जायची ती मोठ्या कामाला, आणि तेव्हा कुसाबाई सोबत जायची.

पण तो प्लगपाना सगुणाबाईनं परत पाटावर घेतला नाही. बाटला म्हणाली. दर नवमीला खुरपी, विळे, पंप, पकड, सगळं मांडायची, आणि पाना व्हॅनमध्ये पडलेला असायचा. ज्या हत्यारानं त्या घराचा दसरा वाचवला, त्याला त्या घरात पुन्हा हळद लागली नाही. मी कुसाबाईला म्हणालो, मी बोलतो तुझ्या सासूशी.

"नका बोलू, दादा," ती म्हणाली. "गाडीतच बरा हे. नवमीला लागला तर कुणाला मागायला नको."

ती हे हसत म्हणाली. मला ते हसण्यासारखं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.