दाव्यातल्या रानावरची नेमबाजी

आमच्या रायफल क्लबचं सगळं वैभव एका भांडणावर उभं होतं. शेवगावच्या रस्त्याला दोन चुलतभावांचं मुरमाड रान होतं आणि त्याची हद्द कुठून जाते यावर नगरच्या कोर्टात अकरा वर्षं दावा चालला होता. निकाल लागेपर्यंत कुणीच पेरायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम. तरी दुसऱ्यानं गुपचूप नांगर घालू नये, एवढ्यासाठी दोघांनी ते आनंदानं आम्हाला गोळ्या झाडायला दिलं. दोघंही क्लबचे सभासद होते आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत.

मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. वर्तुळं बरी काढतो म्हणून टार्गेटं रंगवायचं काम माझ्याकडे आलं आणि पाठोपाठ सेक्रेटरीपदही गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. शाळेत हेडमास्तर माझा तास खुशाल गणिताला देऊन टाकत. इथं मात्र मोठमोठे बागायतदार माझ्या शिट्टीची वाट बघत गप बसायचे. म्हणून मारुतीपुढे उभा राहिलो की मी एकच मागायचो, या दोघांचा दावा मिटू देऊ नको. दावा मिटला की क्लब उठला.

टेबलावर रायफल टेकवून लांबचा नेम धरायच्या सामन्यांची कल्पना माझीच. आमचे सभासद म्हणजे वकील, डॉक्टर, बागायतदार. पोटावर झोपून नेम धरा म्हटलं तर मधे पोटच एवढं यायचं की डोळा आणि रायफल यांची गाठ पडेना, आणि झोपलेला माणूस उठवायला दोघं लागायचे. मग मी शाळेची टेबलं बैलगाडीत घालून नेली, पायांखाली खापरं सरकवून त्यांची डुगडुग थांबवली. रायफलीखाली ठेवायच्या वाळूच्या पिशव्या बायकोनं माझ्या जुन्या विजारींतून शिवून दिल्या. या विजारींच्या हातून आत्ता कुठे काही कर्तबगारी होते आहे, असं तिनं शेजारणीला ऐकवलं. समोर तीनशे वारांवर मातीचा मोठा ढीग, त्याच्यामागे एक जुना पळस, पुढे टार्गेटं, आणि बाजूच्या खंदकात एक रिटायर झालेले हवालदार. प्रत्येकानं पाच गोळ्या झाडल्या, माझी शिट्टी झाली, की ते वर येऊन भोकं मोजत. तोवर कुणाची गोळी कुठे लागली हे देवालाच ठाऊक, कारण क्लबकडे दुर्बीण नव्हती.

एकाहत्तर संपून बहात्तर लागलं होतं. होळीच्या आधीच्या रविवारी कपासाठी मोठा सामना ठेवला. एरवी मी त्या दोघा भावांना दोन टोकांना बसवायचो. त्या दिवशी गाडीतून उतरवताना एका टेबलाचा पाय मोडला, सगळी मांडणी बदलली आणि गडबडीत धाकट्याला तीन नंबर, थोरल्याला चार नंबर देऊन बसलो.

थोरल्यानं चिमूटभर माती वरून सोडून वारा पाहिला, खळ्यावर उफणायच्या आधी पाहतात तसा. मग शांतपणे पाच गोळ्या झाडल्या. शिट्टी झाली, हवालदार वर आले आणि तिथूनच ओरडले, "मास्तर, तीनवर धा भोकं हायेत! चार कोरं हाय!"

आम्ही सगळे पायी तिकडे गेलो. तीन नंबरावर पाच भोकं एका तळहाताखाली झाकतील अशी मधोमध, आणि बाकीची पाच पांगलेल्या वऱ्हाडासारखी कुठेही. धाकट्याचा नेम किती कच्चा हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं, त्यामुळे वेगळं सांगायची गरज नव्हती. थोरल्याला विचारलं तर तो म्हणाला, "माजी हद्द पळसापासनं. पळसाच्या उजव्या अंगाचं पयलं टार्गेट माजंच की! नंबर कोन बगतंय?"

कोर्टात अकरा वर्षं जे सांगत होता, तेच त्यानं रायफलीनं सांगितलं होतं.

नियम मीच लिहिलेले. दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलेलं फुकट, आणि एका टार्गेटवर जास्त भोकं असली तर त्यातली चांगली पाच टार्गेटवाल्याची. मी घसा साफ करून वाचून दाखवलं. म्हणजे थोरल्याला शून्य आणि त्याच्याच गोळ्यांवर कप धाकट्याला. वकील आधी टेबलांकडे पळाले आणि सगळ्या रायफली रिकाम्या आहेत ना ते पाहून आले. मी मनात म्हटलं, चला, भांडणाची आणखी दहा वर्षांची सोय झाली.

धाकट्यानं त्या पाच भोकांवर तळहात ठेवून पाहिला. मग वळून थेट थोरल्याला म्हणाला, "दादा, ह्या गोळ्या तुज्या हायेत. दुसऱ्याचं खाऊन मी कप न्यायचो न्हाई."

"ऱ्हाऊ दे," थोरला म्हणाला. "टार्गेट तुजं हुतं."

आणि मग तू घे, तू घे सुरू झालं. डॉक्टरांनी डोळे पुसले. मी मात्र घाईघाईनं मधे पडलो, पंचांचा निर्णय अंतिम आहे म्हणालो, मान्य नसेल तर रीतसर तक्रार करा, समिती नेमू, सुनावणी ठेवू. कोर्टाची सवय आहे, गळाला लागतील असं वाटलं.

"बास झाल्या तारखा, मास्तर," थोरला म्हणाला.

पाडव्याच्या आत तडजोड झाली. पळस दोघांनी मिळून तोडला, मातीचा ढीग पांगवला आणि दोघांच्या बैलांनी मिळून रान नांगरलं. टेबलं शाळेत परत गेली. मी दोघांच्याही घरचं पुरणाचं जेवण जेवून आलो आणि घास गिळताना मला दोघांचाही राग येत होता.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. पोळ्याच्या सुमारास मी सायकल काढून मुद्दाम त्या रानाकडे गेलो. पेरलेली बाजरी वर आलीच नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता मुरूम. मी उतरलो आणि पावलं मोजत निघालो. टेबलं कुठे मांडायची, ढीग परत कुठे घालायचा, सगळं डोक्यात बसत गेलं. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

मधे पोचलो तेव्हा दोघं भाऊ पलीकडून येताना दिसले. सोबत दोन बैल होते, बरगड्या मोजून घ्याव्यात असे.

"मोजताय व्हय?" थोरला हसून म्हणाला. "मांडा तुमची टेबलं. आवंदा इथं दुसरं काय हुतंय?"

हेच मागायला मी आलो होतो. "नको, सहज आलो होतो," असं म्हणून मी सायकलकडे परत निघालो. सारा जिल्हा आभाळाकडे बघत होता, आणि जळलेलं रान बघून आनंद झालेला माणूस त्यात बहुधा मी एकटाच होतो.