काकांच्या चित्रात मावशी

माझी मावशी शिवणकाम करते. लोकांच्या पँटी आखूड करण्यात आणि सुटलेल्या पोटांसाठी शर्ट सैल करण्यात तिचा जन्म गेला. अशी बाई साठी उलटल्यावर चित्रं बघायच्या वर्गाला जाऊ लागली, तेव्हा घरादाराने तिची टर उडवली. त्यात मी सर्वांत पुढे. डोळे असले की झालं, शिकायचं काय त्यात, असं माझं म्हणणं.

तिला शिकायचं होतं ते एकाच चित्रासाठी. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शेवटच्या आजारपणात खाटेवर पडल्यापडल्या त्यांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी चित्र काढलं. त्यात त्यांची खोली होती, खिडकी होती, मावशीचं शिलाई मशीन होतं. मावशी मात्र नव्हती. वास्तविक ती दिवसभर त्याच खोलीत शिवत बसायची, एक डोळा सुईवर आणि एक काकांवर. ते गेल्यावर ही गोष्ट तिच्या मनाला फार लागली. तिने चित्र कपाटामागे टाकलं. "मशीन दिसलं त्यांना, मी नाही दिसले," एवढंच एकदा म्हणाली.

वर्ग वाचनालयाच्या माडीवर भरायचा. शिकवणाऱ्या बाई कडक. आधी दिसतं ते सांगायचं, अर्थाचं मागाहून बघू, हा त्यांचा खाक्या. पहिल्याच दिवशी एका राणीच्या चित्रासमोर मावशी म्हणाली, बाही खांद्याशी, मुंढ्यात ओढतेय, शिंप्याने माती खाल्ली. वर्ग हसला. बाईंनी शांतपणे विचारलं, बाही का ओढतेय? मावशी पुन्हा बघत राहिली, तेव्हा राणीने एक हात पाठीमागे आवळून धरलाय हे तिला दिसलं. "घाबरलीय गं ती," घरी आल्यावर तिने मला सांगितलं, जणू राणी शेजारच्याच घरात राहते. मग मलाही चेष्टा करवेना.

एका शनिवारी तिने काकांचं चित्र चादरीत गुंडाळलं आणि मला सोबत घेतलं. कुणाचं ते वर्गात सांगितलं नाही. बाईंनी सुरुवात तिलाच करायला लावली.

सुईखाली निळं कापड आहे, ती म्हणाली, शिवण अर्ध्यावर आहे. स्टूल मागे सरकलंय, त्यावरची उशी अजून दबलेली आहे. म्हणजे बसणारी आत्ताच उठून गेलीय. खिडकीतलं ऊन सकाळचं, पण स्टुलाची सावली संध्याकाळची. एका बैठकीत नाही काढलेलं, थोडं थोडं काढलंय.

"मग ती बसलेली असताना का नाही काढलं?" बाईंनी विचारलं.

 मी मावशीचा दंड धरला. मला भीती वाटली की आता ही सगळ्यांसमोर रडणार. ती रडली, पण आधी बोलली.

"मी खोलीत आले की ते ब्रश खाली ठेवायचे. मला वाटायचं, माझ्यापासून लपवतात." तिने पदराने डोळे पुसले. "मी समोर असले की मलाच बघत असायचे हो. हे काढलं ते मी उठून गेल्यावर. मी परत येईपर्यंत वेळ जात नसेल त्यांचा."